तिसऱ्या सत्रातली तीच जुनी चाचणी : विद्यापीठातल्या मुलांची परभाषा घटली की बदलली?

शब्दवही

नमस्कार मंडळी.

मी एकोणीस वर्षं विद्यापीठात जर्मन शिकवते. गेल्या आठवड्यात कपाट आवरायला घेतलं आणि त्यात जुन्या चाचण्यांचे गठ्ठे निघाले. आवरणं राहिलं बाजूला, मी तिथेच जमिनीवर बसून संध्याकाळपर्यंत ते वाचत राहिले. जे दिसलं ते कुणाशी तरी बोलल्याशिवाय चैन पडणार नाही, म्हणून हा धागा.

तिसरं सत्र सुरू झालं की पहिल्याच दिवशी मी मुलांची एक चाचणी घेते. तिला गुण नसतात. मुलं कुठे उभी आहेत एवढंच मला कळायला हवं असतं. शंभरेक शब्दांचं श्रुतलेखन, एका पानाची गोष्ट शब्दकोश न वापरता वाचून तिच्यावरचे प्रश्न, मित्राला एक पत्र आणि माझ्याशी पाच मिनिटं गप्पा. गप्पांची टिपणं मी त्या मुलाच्याच पेपरच्या पाठीमागे लिहून ठेवते. उतारा इतक्या वर्षांत बदललेला नाही, गोष्टही तीच आहे.

आधी श्रुतलेखन. जुन्या पेपरांत जागोजागी मोकळ्या जागा आहेत. ऐकलेलं कळलं नाही की मुलं जागा सोडून पुढे जायची आणि "मॅडम, पुन्हा एकदा" हे तर वर्गभर चालायचं. पण जे लिहिलंय ते नेटकं. आताच्या पेपरांत मोकळी जागा जवळपास नाहीच. पहिल्याच वाचनात मुलं अर्थ पकडतात, माझा वेग थोडा वाढला तरी डगमगत नाहीत. मात्र शब्दांची शेपटं गळालेली. विशेषणाला लागणारे प्रत्यय, चौथी विभक्ती, नामाचं पहिलं अक्षर मोठं लिहायचं, सगळं पुसट.

गप्पांतला फरक तर थक्क करणारा आहे. जुन्या टिपणांत मी वारंवार लिहिलंय, "गप्प बसली", "मनात वाक्य जुळवून मग बोलतो", "चुकेल म्हणून बोलत नाही". आताची मुलं खुर्चीवर बसायच्या आत बोलायला लागतात. चुकतात, अडतात, दुसऱ्या शब्दाने वेळ मारून नेतात, पण थांबत नाहीत. पहिली काही वर्षं मी ज्यासाठी जिवाचं रान केलं ते या मुलांकडे आयतं आहे, आणि त्याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

आता गोष्ट. इथे माझा जीव अडकला.

त्या गोष्टीत एक वाक्य आहे : "एअर ह्योर्टं नाख त्स्वान्त्सिश यारेन मिट डेम राउखेन आउफ." ज्यांना जर्मन येत नाही त्यांच्यासाठी सांगते. 'ह्योर्टं' म्हणजे 'ऐकलं'. वाचणाऱ्याला वाटतं, त्याने काहीतरी ऐकलं. वीस वर्षांनंतर... सिगरेट ओढण्याशी... आणि अगदी शेवटी येतो एवढासा 'आउफ'. तो आला की आधीचं क्रियापदच पालटतं. 'आउफह्योरेन' म्हणजे थांबवणं, सोडणं. त्याने वीस वर्षांनी सिगरेट सोडली. वाक्य संपेपर्यंत अर्थ हातात धरून थांबावं लागतं आणि शेवटी हातातला अर्थ टाकून नवा घ्यावा लागतो.

जुन्या पेपरांत या वाक्यावर बाण आहेत. 'ह्योर्टं'पासून 'आउफ'पर्यंत पेन्सिलीने ओढलेले, कुठे दोनदा गिरवलेले. एका मुलीने समासात लिहिलंय, "ऐकलं?? काय ऐकलं?" आणि त्याच्याखाली, वेगळ्या दाबाने, "सोडली!" गेल्या चार-पाच वर्षांच्या पेपरांत समास कोरे आहेत. उत्तरात "त्याने सिगरेटबद्दल ऐकलं" असं लिहिलेलं आहे, किंवा चौथ्या ओळीपाशी वाचन सोडून दिलेलं आहे. हुशार मुलांचेही पेपर असेच आहेत.

म्हणून "आताच्या मुलांना काही येत नाही" या स्टाफरूममधल्या वाक्याशी मी सहमत नाही. मी नोकरीला लागले तेव्हाही ते वाक्य होतंच, आणि ते ज्या मुलांना उद्देशून म्हटलं जायचं ती आज आदर्श म्हणून सांगितली जातात. माझं मत असं की भाषा घटलेली नाही, तिचा आकार बदलला आहे. कान आणि जीभ पुढे गेली, डोळा आणि लेखणी मागे पडली. पण यातली एक गोष्ट खरोखर हरवते आहे : न कळलेल्या मजकुरात पाय रोवून उभं राहण्याची सवय. तिच्यावाचून मधल्या पायरीच्या वर जाता येत नाही, असं मला अनुभवाने वाटतं.

तुम्ही शिकवत असाल, शिकत असाल, कधीकाळी शिकला असाल तर तुमचं सांगा.

---

गलबत

ताई, तुमच्या जुन्या गठ्ठ्यांच्याही आधीचा मी. तीस वर्षांपूर्वी पदवीला फ्रेंच होतं. आमची पद्धत म्हणजे व्याकरण आणि भाषांतर. क्रियापदांची रूपं तोंडपाठ, रोज एक परिच्छेद उलथा करायचा. वर्गात टेपरेकॉर्डर होता, तो सत्रातून दोनदा लागायचा. शेवटच्या वर्षी मी शंभर वर्षांपूर्वीची कादंबरी शब्दकोश घेऊन वाचू शकत होतो.

नोकरीसाठी फ्रान्समध्ये उतरलो आणि स्टेशनवरच्या माणसाने मला विचारलं, जायचं तिकीट हवं की जायचं-यायचं? एवढं साधं वाक्य. मला एक शब्द कळला नाही. तो पुन्हा बोलला, जरा जोरात. मी खिशातून कागद काढला आणि त्याच्यासमोर धरला, लिहून द्या म्हणून. त्याने लिहिलं आणि मला लख्ख कळलं. रांगेतले लोक बघत होते. तो प्रसंग आठवला की अजून कानशिलं तापतात.

तेव्हा मला वाचता येत होतं हे खरं, पण त्याला भाषा येणं म्हणावं का, हा प्रश्न आमच्या पिढीलाही विचारायला हवा. आजच्या मुलांना निदान तिकीट काढता येतं.

---

पाऊलखुणा

मी सध्या तिसऱ्या सत्रातच आहे, जर्मनच. (तुमच्या वर्गात नाही.) समास कोरे असतात हे वाचून एकदम पकडल्यासारखं वाटलं. सविस्तर लिहीन, आज परीक्षा आहे.

---

मोजपट्टी

परीक्षांच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून एक वेगळा मुद्दा. "पूर्वीच्या मुलांना जास्त येत होतं की आताच्या" याचं उत्तर देणं अवघड आहे, कारण मधल्या काळात मोजायची काठीच अनेकदा बदलली.

टोफेल घ्या, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांची इंग्रजीची परीक्षा. १९६४ मध्ये सुरू झाली तेव्हा ती कागदावरची, पर्याय निवडायची परीक्षा होती. बोलणं हा त्यातला सक्तीचा भाग झाला तो २००५ मध्ये इंटरनेटवरची आवृत्ती आली तेव्हा. म्हणजे चाळीस वर्षं एखाद्याचे गुण उत्तम असत आणि त्याने तोंडातून एक वाक्यही काढलेलं नसे. युरोपात २००१ मध्ये ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्यांची सामाईक चौकट प्रसिद्ध झाली आणि "या पायरीवरच्या माणसाला काय करता येतं" अशी भाषा आली. त्याआधी 'चांगलं येतं' याचा अर्थ प्रत्येक विभागात वेगळा होता. जुनी प्रश्नपत्रिका व्याकरण विचारायची, मुलं व्याकरण शिकायची. नवी प्रश्नपत्रिका संवाद विचारते, मुलं संवाद शिकतात.

म्हणूनच शब्दवही यांचा गठ्ठा मोलाचा वाटतो. तीच गोष्ट, तोच उतारा, तीच परीक्षक. इतक्या वर्षांत न बदललेली काठी फार कमी जणांकडे असते. फक्त एक विचारतो : या वर्षांत तुमच्या वर्गात येणारी मुलं तीच होती का? पूर्वी भाषा घेणारा आवडीने घेत असेल आणि आता श्रेयांक भरायला घेत असेल, तर फरक मुलांतला आहे, काळातला नाही.

---

शब्दवही

मोजपट्टी, प्रश्न रास्त आहे. वर्ग बदलला, हे खरंच. पूर्वी बहुतेक मुलं भाषाच मुख्य विषय म्हणून घ्यायची, आता अभियांत्रिकीची, अर्थशास्त्राची मुलं जोडविषय म्हणून येतात. म्हणून मी फक्त मुख्य विषयवाल्यांचे पेपर वेगळे काढून पुन्हा पाहिले. फरक कमी झाला, पण गेला नाही. कोरे समास तिथेही आहेत.

आणि जुन्या काळाबद्दल फार हळवं व्हायचं कारण नाही, हे गलबत यांचं म्हणणं मला पटतं. जॉन कॅरल यांनी अमेरिकेत पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या, भाषाच मुख्य विषय असलेल्या विद्यार्थ्यांची पाहणी केली होती, ती १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथल्या परराष्ट्र खात्याच्या मोजणीत शून्य ते पाच अशा पायऱ्या असतात. तीन म्हणजे कामकाजात चालेल असं बोलणं. चार वर्षं भाषेला वाहिलेल्या या मुलांपैकी मधला विद्यार्थी बोलण्यात आणि ऐकण्यात दोनच्या थोडा वर, तीनच्या खाली होता. ज्या सुवर्णकाळाच्या नावाने आपण उसासे टाकतो त्या काळातली ही गोष्ट. त्याच पाहणीत ती भाषा बोलणाऱ्या देशात राहून आलेली मुलं ठळकपणे पुढे होती.

बोलण्याकडे वळण्याचे प्रयत्नही नवे नाहीत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने सैनिकांना झटपट भाषा बोलायला शिकवायचे वर्ग काढले. पुढे १९५७ मध्ये सोव्हिएत रशियाचा स्पुटनिक उपग्रह उडाला, त्या धसक्याने १९५८ मध्ये अमेरिकेत शिक्षणाचा मोठा कायदा झाला आणि सरकारी पैशातून टेप लावलेल्या भाषा-प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. मुलं कानाला हेडफोन लावून एकच वाक्य पन्नासदा म्हणायची. वाक्य पाठ व्हायचं, पण समोरच्याने जरा वेगळं विचारलं की गाडी अडायची. सत्तरच्या दशकात संवादावर भर देणारी पद्धत आली ती यातूनच. प्रत्येक पद्धतीने आधीच्या पद्धतीचं एक भोक बुजवलं आणि दुसरं कुठेतरी पाडलं.

---

कांजीवेडा

जपानी शिकवतो. तुमच्या गठ्ठ्याचा जपानी अवतार आमच्याकडेही आहे.

जपानीची जगभर चालणारी परीक्षा, जेएलपीटी, १९८४ मध्ये सुरू झाली. आधी चार पायऱ्या होत्या, २०१० पासून पाच झाल्या. पण तेव्हाही तिच्यात बोलायचं नव्हतं की स्वतःचं वाक्य लिहायचं नव्हतं, आणि आताही नाही. पर्याय निवडायचे. त्यामुळे माझ्याकडे वरच्या पायरीचं प्रमाणपत्र असलेली मुलं येतात, ज्यांना 'उशीर झाला, माफ करा' याच्या पुढे बोलता येत नाही.

आणि अक्षरं. हा तर माझा दुखरा कोपरा. पूर्वीचा विद्यार्थी पाचशे कांजी, म्हणजे चिनीतून आलेली चित्राक्षरं, ओळखत असेल तर त्यातल्या चारेकशे हाताने लिहायचा. आताचा विद्यार्थी हजार ओळखतो, कारण पडद्यावर उच्चार टाइप केला की कांजींची यादी येते, त्यातली उचलायची. फळ्यावर बोलावलं की 'अमे' म्हणजे पाऊस एवढी सोपी कांजीसुद्धा मध्येच तुटते. खुद्द जपानी माणसांचीही हीच तक्रार असते, तेव्हा मुलांना किती बोल लावायचा! मी सुरुवातीला फार चिडायचो. मग लक्षात आलं की जो हजार ओळखतो तो वर्तमानपत्राचा मथळा वाचतो, आणि जो चारशे लिहितो तो वाचत नाही. कशाचं मोल जास्त, याचं उत्तर अजून सापडलेलं नाही. पण हाताने लिहिलेली कांजी विसरायला वेळ लागतो, एवढं मात्र वर्षानुवर्षं दिसतंय.

---

गलबत

+१. फ्रेंचमधली तिरकी-उलटी स्वरचिन्हं फोनच घालतो, मग ती कुठे पडतात हे मुलांनी का लक्षात ठेवावं?

---

पाऊलखुणा

परीक्षा झाली. आता खरं खरं लिहिते.

मी जर्मन मालिका पाहून शिकले. बारावीनंतरच्या सुट्टीत सुरुवात केली, आधी खाली आपली ओळखीची उपशीर्षकं, मग जर्मन उपशीर्षकं, मग काहीच नाही. त्यामुळे कान तयार झाला. वर्गात पहिल्या दिवसापासून मी बोलते आणि सगळ्यांना वाटतं की मला खूप येतं.

निबंध असा होतो : मनातलं वाक्य फोनला सांगायचं, तो जर्मन देतो, मी ते वाचते, बरोबर वाटतं, उतरवते. यात लबाडी करते असं मला वाटत नाही, कारण वाचून कळतं ना! पण मागच्या सत्रात फोन बाहेर ठेवून निबंध लिहायला बसवलं आणि पहिल्या ओळीलाच हात थांबला. 'मी माझ्या भावाला मदत करते' एवढंच लिहायचं होतं. भावाला कोणती विभक्ती? शंभर वेळा ऐकलेलं वाक्य. ऐकताना ते शेपूट कधी ऐकलंच नव्हतं, कारण त्याच्याशिवाय अर्थ कळत होता.

मास्तरांनी पेपर परत देताना सगळ्यांसमोर म्हटलं, "बोलते तर मोठी." तो शब्द मनाला लागला. पण तो पेपर मी जपून ठेवलाय, कारण त्यात पहिल्यांदा माझं स्वतःचं जर्मन होतं. फार वाईट होतं, पण माझं होतं.

वाचनाचं सांगायचं तर, न कळणारा शब्द आला की बोट आपोआप त्याच्यावर दाबलं जातं आणि अर्थ वर येतो. कागदावर बोट दाबलं तर काही होत नाही. तेव्हा जी घालमेल होते ती सांगता येणार नाही. चौथ्या ओळीला मीही सोडून देते.

---

शब्दवही

पाऊलखुणा, तू हे इतक्या मोकळेपणाने लिहिलंस, फार बरं वाटलं. आणि तुला सगळ्यांसमोर असं बोलायला नको होतं. बोलता येणं ही मोठीच गोष्ट आहे.

"ऐकताना ते शेपूट कधी ऐकलंच नव्हतं", हे तू जे लिहिलंस तेच कॅनडात मोठ्या प्रमाणावर दिसलं होतं. तिथे १९६५ पासून इंग्रजी घरांतल्या मुलांना सगळे विषय फ्रेंचमधून शिकवायचे वर्ग सुरू झाले. वर्षानुवर्षं रोज फ्रेंच कानावर. मुलांचं ऐकून समजणं जवळजवळ फ्रेंच घरांतल्या मुलांइतकं झालं. बोलण्यात आणि लिहिण्यात मात्र व्याकरणाची भोकं तशीच राहिली. मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये त्यावरून मांडलं की नुसतं ऐकून-वाचून पुरत नाही. माणसाला स्वतः वाक्य घडवायला लागलं की मगच आपल्याला काय येत नाही ते त्याच्या लक्षात येतं. अर्थ कळायला शेपूट लागत नाही, पण वाक्य घडवायला लागतं. तुझा हात पहिल्या ओळीला थांबला, त्या क्षणी तुझं शिकणं सुरू झालं होतं.

भावाची गोष्टही सांगते. 'हेल्फेन' म्हणजे मदत करणं, त्याला जर्मनमध्ये चतुर्थी लागते, 'माइनेम ब्रूडर'. आपल्याकडेही 'भावाला मदत करते' आणि 'भावाला बघते' यांत तोच 'ला' आहे, म्हणून आपल्या कानाला फरकच जाणवत नाही. जर्मनमध्ये 'बघते' म्हटलं की ते 'माइनेन ब्रूडर' होतं. एक 'म', एक 'न'. बोलताना दोन्ही ओठांतच विरतात. लिहिताना लपायला जागा नसते.

आपल्याला एक गोष्ट सोपी जायला हवी, ती म्हणजे तीन लिंगं. इंग्रजी बोलणारा विद्यार्थी 'मेडशेन', म्हणजे मुलगी, नपुंसकलिंगी कशी म्हणून हैराण होतो. आपण 'ते पोरगं' आयुष्यभर म्हणत आलोय. मी पहिल्या वर्गात हे सांगते तेव्हा मुलांचे चेहरे उजळतात. आणि सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी म्हटलं की पुन्हा मावळतात.

---

रानवाट

मी भाषेतला माणूस नाही, तरी विचारतो. २०१६ च्या सुमारास यंत्राचं भाषांतर एकदम सुधारलं, २०२२ च्या अखेरीपासून तर यंत्र निबंधच लिहून देतं. मग ही शेपटं मुलांनी कशाला सांभाळायची? जे काम यंत्र करतं ते सोडून द्यावं आणि बोलण्यावर भर द्यावा. आता हातात कॅल्क्युलेटर असताना कोण पाढे म्हणतं?

---

मोजपट्टी

रानवाट, पाढ्यांचीच उपमा घेऊ. कॅल्क्युलेटरचं उत्तर चुकलं, बोट भलत्या आकड्यावर पडलं, हे कुणाला कळतं? ज्याला साधारण किती यायला हवं याचा अंदाज आहे त्याला. पाऊलखुणा म्हणतात, यंत्राचं वाक्य "बरोबर वाटतं, उतरवते". ते बरोबर आहे हे ठरवायची ताकद आली तर यंत्र हाताखालचा माणूस. नाही आली तर आपणच त्याच्या हाताखाली.

दुसरं, तासांचा हिशेब कुणी मांडत नाही म्हणून मांडतो. अमेरिकी परराष्ट्र खात्याची संस्था आपल्या अधिकाऱ्यांना कामापुरती पक्की भाषा यायला फ्रेंच-स्पॅनिशसाठी साधारण ६०० ते ७५० वर्गतास धरते, जपानी किंवा अरबीसाठी २२००. हे तास त्यांच्या मातृभाषेच्या, म्हणजे इंग्रजीच्या हिशेबाने आहेत. ती प्रौढ माणसं, लहान वर्ग, दिवसभर दुसरं काम नाही, वर घरचा अभ्यास वेगळा. आता विद्यापीठात आठवड्याला चार तास, वर्षाला तीस आठवडे धरा. वर्षाचे १२० तास. तीन वर्षांचे ३६०. फ्रेंचचा निम्मा पल्ला, जपानीचा सहावा हिस्सा. तेव्हा मुलं कमी पडतात म्हणण्याआधी आपण त्यांना देतो किती, तेही पाहू.

आणि घेणारेही घटताहेत. अमेरिकेत विद्यापीठांतल्या दर शंभर नोंदणींमागे आधुनिक भाषांच्या नोंदणी १९६०च्या दशकात सोळाच्या आसपास होत्या, २०१६ मध्ये साडेसात. २०१६ ते २०२१ या पाच वर्षांत परभाषांची नोंदणी आणखी १६.६ टक्क्यांनी उतरली. त्याच पाच वर्षांत कोरियन मात्र जोरात वाढली, ती गाण्यांनी आणि मालिकांनी. इंग्लंडमध्ये २००४ पासून चौदा वर्षांनंतर परभाषा सक्तीची राहिली नाही, त्याचा फटका वरच्या वर्गांना आणि मग विद्यापीठांना बसला. शाळेतून तयार होऊन येणारा विद्यार्थी घटला की विद्यापीठाला मुळाक्षरांपासून सुरुवात करावी लागते. मग तिसऱ्या सत्रात गोष्ट वाचता येईना, तर नवल काय?

---

कांजीवेडा

हे कोरियनचं अगदी खरं. माझ्या वर्गातही मुलं गाण्यांमुळे येतात. पहिलं सत्र धावत संपतं. दुसऱ्या वर्षी गळती लागते, कारण गाण्यातली भाषा संपते आणि बातमीतली सुरू होते.

---

गलबत

माझा एक स्वार्थी प्रश्न. फ्रान्समधून परतून वीस वर्षं झाली. त्यानंतर फ्रेंचचा संबंध नाही. सगळं गेलं असेल का? पुस्तक उघडायची भीती वाटते.

---

शब्दवही

गलबत, उघडा पुस्तक. हॅरी बाहरिक यांनी १९८४ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. शाळा-कॉलेजात स्पॅनिश शिकलेल्या सातशेहून जास्त लोकांना तपासलं, त्यात काहींचं शिकणं संपून पन्नास वर्षं झाली होती. पहिल्या तीन ते सहा वर्षांत बरंच गळतं. पण त्यानंतर जे उरतं ते पंचवीस-तीस वर्षं जवळजवळ तसंच राहतं. किती उरेल हे ठरतं ते मुळात किती खोल शिकलात यावर. एकच सत्र केलेल्याचं फारसं उरत नाही. तुम्ही तर कादंबऱ्या वाचल्यात आणि तिथे राहिलात.

याच कारणाने मला वाचनाचा इतका घोर लागलाय. पाऊलखुणा बोलते, ऐकते. पदवीनंतर भोवती ती भाषा नसेल तर कानाला काय मिळणार? ज्याला वाचता येतं त्याच्यापाशी भाषा राहते, तो एकटा असला तरी.

रानवाट, तुमचा प्रश्न मुलंही विचारतात आणि त्यांना मी टाळत नाही. कामाचं पत्र यंत्राने लिहावं, माझी हरकत नाही. पण मधल्या पायरीवरून वर जायचा रस्ता शब्दांतून जातो. वाचन सुरळीत व्हायला पानातले ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, म्हणजे पन्नास शब्दांत एक अनोळखी. इंग्रजी कादंबरीसाठी पॉल नेशन यांनी २००६ मध्ये हिशेब केला तो आठ-नऊ हजार शब्दकुळांचा निघाला (एका मूळ शब्दापासून झालेली सगळी रूपं मिळून एक कूळ). इतके शब्द गप्पांत भेटतच नाहीत. गप्पांत तेच ते दोन-तीन हजार फिरतात. म्हणून बोलकी मुलं एका उंचीवर जाऊन थांबतात. त्यांना कळतही नाही की आपण थांबलोय, कारण गप्पा तर चालूच असतात.

गेली दोन वर्षं मी काही गोष्टी करून पाहतेय. रोज वर्गाची पहिली वीस मिनिटं कागदावर वाचन, फोन पिशवीत. मजकूर मुलांच्या पायरीपेक्षा जरा सोपाच. अडलेल्या शब्दावर पेन्सिलीने टिंब करायचं आणि पुढे जायचं, अर्थ पान संपल्यावर. पहिल्या आठवड्यात मुलं कासावीस होतात, खुर्च्या करकरतात. तिसऱ्या आठवड्यात खोली शांत होते. पत्र घरून लिहून आणा, यंत्र वापरा, पण दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर बसून त्यातलं प्रत्येक शेपूट असं का ते सांगा. मुलांनी स्वतःहून यंत्र कमी केलं, कारण दुसऱ्याचं वाक्य समजावून देणं स्वतःचं लिहिण्यापेक्षा जड जातं. आणि बोलण्यासाठी एक जुना खेळ : तीच हकीकत एकाला चार मिनिटांत, दुसऱ्याला तीन मिनिटांत, तिसऱ्याला दोन मिनिटांत सांगायची. तिसऱ्या वेळी वाक्यं घट्ट होतात.

यंदाच्या गठ्ठ्यात दोन पेपरांवर बाण आहेत. फार नाहीत, दोनच. मी ते वेगळे काढून ठेवलेत.

---

रानवाट

पटलं. निदान पाढ्यांची उपमा मागे घेतो.

---

गलबत

काल रात्री उघडलं. पहिली दोन पानं धुकं. तिसऱ्या पानावर ओळखीचे लोक भेटायला लागले. आज पुढे वाचतोय.

---

पाऊलखुणा

ताई, तुमच्या पद्धतीने करून पाहिलं. ग्रंथालयातून मुलांच्या गोष्टींचं जर्मन पुस्तक आणलं, फोन आईकडे दिला. एका पानाला चाळीस मिनिटं लागली. अकरा टिंबं पडली.

एका वाक्यापाशी खूप वेळ गेला. "झी फील डेन गान्त्सेन आबेन्ट नीमांडेम आउफ." 'फील' म्हणजे 'पडली' हे मला येत होतं. संध्याकाळभर ती पडली, कुणालाच नाही, असं काहीतरी लागत होतं आणि काही केल्या जुळेना. जवळजवळ सोडूनच देणार होते. मग शेवटचा 'आउफ' दिसला, तुमच्या धाग्यातला. बाण काढला. मागे गेले, पुन्हा वाचलं. ती समारंभात कोपऱ्यात बसलेली असते, तिच्याशी कुणी बोलत नसतं.

आणि मग एकदम लागलं. आपणही 'पडणं'च म्हणतो. ती संध्याकाळभर कुणाच्या नजरेस पडली नाही.

मी समासात तेवढंच लिहिलं : "नजरेस!" पुस्तक ग्रंथालयाचं आहे, पेन्सिलीने लिहिलंय. परत करायच्या आधी खोडेन.

---

शब्दवही

खोडू नकोस गं. पुढच्या कुणाला तरी ते सापडू दे.